पार्ल्यास एक महिना

गेल्या माघात आम्ही पार्ल्यास महिनाभर मुक्काम केला. मधल्या पन्नास वर्षांत लग्नमुंजीच्या निमित्ताने एकदोन दिवसांच्या खेपा झाल्या होत्या. परंतु पाहुणा म्हणून गेलेल्या मनुष्यास गाव दिसत नाही, पानावरचे पदार्थ तेवढे दिसतात, म्हणून त्या खेपा आम्ही जमेस धरीत नाही. १९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो ते पार्ल्यातच, थोरल्या बंधूंच्या बिऱ्हाडी राहून. पुढील सारे आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यातील शाळांत मुलांचे शुद्धलेखन तपासण्यात गेले. आता बंधू नाहीत. वहिनी आहेत, आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीही स्वयंपाकघराची सूत्रे त्यांच्याच हाती आहेत. पुतण्या व सूनबाई नोकरी करतात. त्यांची कन्या, म्हणजे आमची नात, कॉलेजात जाते. सोसायटीच्या इमारतीचा पुनर्विकास व्हावयाचा असून त्या कागदावर वहिनींची सही हवी होती. "भावजी, तुम्ही येऊन राहा, कागद नीट वाचा, मग मी सही करीन," असा त्यांचा निरोप आला आणि आम्ही कोकणातून गाडीत बसलो.

स्टेशनाच्या पूर्वेकडून बाहेर पडलो आणि क्षणभर थबकलो. काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले. सामान मोजले, ते बरोबर होते. मग ध्यानात आले की, वास नाही. आमच्या विद्यार्थिदशेत गाडी पार्ल्यास शिरली की, डोळे मिटून बसलेल्या उतारूसही स्टेशन ओळखू येई. भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास डब्यात भरून जाई. १९२९ साली निघालेला तो कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटे अजून पार्ल्याच्याच नावाने देशभर खपतात; त्यांचा वास मात्र पार्ल्यातून गेला.

दुसरी चुकामूक घराच्या कोपऱ्यावर झाली. तेथे पूर्वी पिठाची गिरणी होती. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा मालक, पट्ट्याचा फटफट आवाज, आणि ओळीने मांडलेले डबे ही आमच्या लेखी त्या गल्लीची खूण. आता तेथे काचेच्या भिंतींचे, मंद दिव्यांचे कॉफीचे दुकान आहे. एकाच कंपनीची गावोगावी एकाच नमुन्याची दुकाने असतात आणि त्यांस हल्ली 'चेन' म्हणतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यांतलेच हे एक.

त्या रात्री जेवताना या दुकानावरून विषय निघाला. सूनबाई म्हणाल्या, "काका, आता आपल्या भागाचा दर्जा वाढला म्हणायचा. असली दुकाने उगीच कुठेही येत नाहीत." पुतण्या म्हणाला, "दर्जा वाढला म्हणजे साध्या माणसांनी गाशा गुंडाळायची वेळ झाली. याला जेंट्रिफिकेशन म्हणतात." वहिनी पोळीवर तूप वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तुम्ही एवढेच सांगा, दळण कुठे टाकायचे?"

एका दुकानाविषयी तीन मते! आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ जागे होतो.

पुतण्याने उच्चारलेला शब्द मूळचा लंडनचा. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ साली तो प्रचारात आणला. लंडनमधील कामकरी लोकांच्या जुन्या वस्त्यांत मध्यम व वरच्या वर्गाचे लोक घरे घेऊ लागले, घरे दुरुस्त झाली, भाडी चढली, आणि मूळचे रहिवासी एकेक करून उठून गेले, हे त्यांनी पाहिले. 'जेंट्री' म्हणजे भद्र लोक. तेव्हा आपण यास 'भद्रीकरण' म्हणू. शब्द सभ्य आहे, पण त्याच्या पोटात कोणाचे तरी घर जाण्याची गोष्ट आहे, हे विसरता नये.

आता प्रश्न असा की, साखळीचे उपाहारगृह हे या भद्रीकरणाचे लक्षण मानावे काय? आमचे थोडेसे शिक्षण पाठशाळेत झाले असल्यामुळे आम्हांस येथे न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी आठवले. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर कोठे आढळत नाही. परंतु उलट अनुमान करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघावयास सरपण ओले असावे लागते. तेव्हा हे दुकान म्हणजे धूर आहे काय, आणि असल्यास त्याच्या मुळाशी अग्नी कोणता, हे घरात बसून ठरणारे नव्हते. आम्ही काठी घेतली आणि हिंडावयास निघालो.

प्रथम पार्लेच पाहिले. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात येथे मोठी छावणी होती. गिरगावच्या चाळीत जागा अपुरी पडू लागलेली कारकून, मास्तर, वकील मंडळी येथे येऊन राहिली, त्यांनी वाचनालये काढली, व्याख्याने करविली आणि हे आपले गाव मानले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, व तो अभिमान योग्यच आहे. परंतु येथे पूर्वी रान नव्हते. भातशेते होती, वाड्या होत्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची गावठाणे होती. त्या शेतांवर आपल्या आजोबांचे बंगले उठले. त्या काळी एखाद्या शेतकऱ्याने प्रश्न केला असता की, 'हे वाचनालय आले, हे कशाचे चिन्ह?' तर त्यास आपण काय उत्तर दिले असते? भद्रीकरण हा शब्द नवा, पण पार्ल्यास तो अनुभव पहिला नव्हे; त्या वेळी आपण दुसऱ्या बाजूस होतो, एवढेच.

उपाहारगृहांचीही अशीच एक जुनी कथा आहे. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींनी चहा घेतला, आणि त्यावरून ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्यावरून आपला समाज बुडतो की काय, अशी चिंता तेव्हाच्या जाणत्या लोकांस पडली होती. पुढे १९१० साली दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह निघाले. १९४२ साली माटुंग्यास रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग निघाले. उडुपी मंडळींची हॉटेले मग मुंबईच्या उपनगरोपनगरी झाली. सर्वत्र तोच डोसा, तेच सांबार. मालक एक नसला तरी ती एक साखळीच होती. बाहेर खाण्यास नाके मुरडणारे आमचे वडील म्हातारपणी त्याच हॉटेलातील इडली आवडीने मागवीत. तेव्हा नव्या खाद्यगृहावर केवळ ते नवे म्हणून रागावणे आम्हांस शोभत नाही.

१९९६ साली मॅकडोनल्ड्सचे पहिले दुकान दिल्लीस, आणि लागलीच मुंबईत वांद्र्यास उघडले. २०१२ साली स्टारबक्सने फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी हिंदुस्थानातील पहिले दुकान मांडले. या कंपन्या जागा निवडताना भावनेस वाव देत नाहीत. रस्त्यावरून किती माणसे जातात, ती काय मिळवितात, दुकानाचे तोंड किती फूट, भाडे किती, हे सारे मोजून मगच पाऊल टाकतात. म्हणजे फेरफार झाल्याची खात्री पटल्यावर त्या येतात. पहाट कोंबडा करीत नाही. झालेली पहाट तो ओळखतो.

अमेरिकेत यावर अभ्यासही झाला आहे. ग्लेझर, किम व लुका या संशोधकांनी २०१८ साली दाखविले की, एखाद्या टपाल-विभागात स्टारबक्सचे नवे दुकान निघाले तर त्या वर्षी तेथील घरांच्या किमतीत सुमारे अर्ध्या टक्क्याची वाढ आढळते. परंतु दुकानामुळे भाव चढला, की चढत्या भावाची चाहूल लागून दुकान आले, हे एवढ्यावरून ठरत नाही. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण झाली, असे म्हणणाऱ्यास आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय सांगत. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही.

मग अग्नी कोठे आहे? त्याचा माग काढण्यास पुतण्याबरोबर एके सकाळी लोअर परळास गेलो. त्याची कचेरी तेथल्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यांची पोटे खानावळींवर चालत. घरोघरच्या बायका डाळभात, पोळीभाजी रांधून कामगारांस जेवू घालीत. या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा' नावाने उभी केली. आज फिनिक्स गिरणीच्या जागी भव्य बाजार आहे आणि जगातील नामांकित साखळ्यांची उपाहारगृहे तेथे ओळीने आहेत. खानावळ कोठे दिसते का, म्हणून आम्ही तासभर शोधली. एक सापडली, तीही कचेऱ्यांत डबे पोचविणारी.

येथे मात्र धूर आणि अग्नी एकत्र दिसले. पण क्रम पाहा. आधी गिरण्या बंद पडल्या. मग १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मोकळ्या पडलेल्या भूभागापुरते राहिले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फार आक्रसला. कॉफीचा पहिला पेला ओतला जाण्यापूर्वी लालबाग-परळचे भवितव्य कागदावर ठरून गेले होते. त्याच १९९१ च्या नियमावलीने, एका जागेवर बांधता न येणारे क्षेत्र हक्क म्हणून दुसरीकडे नेऊन बांधण्याची सोय केली. हे हक्क मुख्यतः उपनगरांत उतरले आणि पार्ल्यासारख्या ठिकाणच्या दुमजली इमारतींकडे बांधकाम करणाऱ्यांची दृष्टी वळली. विमानतळ शेजारी असल्याने येथे उंचीस मर्यादा आहे, म्हणून मनोरे झाले नाहीत, इतकेच.

तिसरी खेप नालासोपाऱ्याची. वहिनींकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई तेथे राहतात. त्यांच्या नातवाचे बारसे होते. वहिनींस प्रवास झेपत नाही. त्यांनी अंगडे-टोपडे देऊन आम्हांस व सूनबाईंस पाठविले. आम्हांस या गावाचे कुतूहल निराळे होते. हे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप खणून काढला, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही येथे मिळाले. परंतु त्या दिवशी इतिहासापेक्षा वर्तमानच अधिक बोलले.

स्टेशनाबाहेर पडताच सूनबाई हसून म्हणाल्या, "काका, तुमचा धूर पाहा!" समोर पिझ्झाच्या साखळीचे दुकान होते आणि आत शाळकरी मुलांची दाटी होती. कोणाचा वाढदिवस असावा. म्हणजे जेथे हटविलेली माणसे जाऊन राहिली, तेथेही साखळी पोचलीच. शास्त्राच्या भाषेत हा व्यभिचार. हेतू आहे आणि साध्य नाही. साखळीचे दुकान पाहून भद्रीकरण झाले असे अनुमान करणारा मनुष्य नालासोपाऱ्यास फसेल. उलट पार्ल्यात अशा कितीतरी गल्ल्या आहेत, जेथे एकही असले दुकान नाही, पण चाळी गेल्या आणि भाडेकरूही गेले. तो तापलेला लोखंडी गोळा. अग्नी आहे, धूर नाही.

बारशानंतर बाईंनी आम्हांस चहा दिला आणि सहज बोलता बोलता आपली हकीकत सांगितली. त्या वीस वर्षे पार्ल्यातच एका चाळीत भाड्याने राहत होत्या. मुलगे तेथेच जन्मले, महापालिकेच्या शाळेत शिकले. चाळ पाडली गेली तेव्हा ज्याच्या नावावर खोलीचे कागद होते त्यास नवी जागा मिळाली; बाईंचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. आता त्या पहाटे पाचच्या सुमाराची गाडी धरतात. "वहिनींची पहिली पोळी साडेसातला तव्यावर पडली पाहिजे ना," असे त्या म्हणाल्या. त्यांचा धाकटा मुलगा अंधेरीस अशाच एका कॉफीच्या दुकानात कामास आहे. "एसीत असतो, काका. मालक वेळेवर पगार देतो. मला काही वाईट वाटत नाही," हेही त्याच म्हणाल्या. साखळीच्या दुकानाविषयी आम्ही या महिन्यात पुष्कळ ऐकले. तिच्याकडून पोट भरणाऱ्याचे मत आम्हांस येथेच प्रथम ऐकावयास मिळाले.

परतीच्या गाडीत सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. वसईची खाडी मागे पडल्यावर म्हणाल्या, "काका, दर्जा वाढला असे मी म्हणाले होते. बाई इतक्या लांबून येतात हे मला माहीत होते, पण तो रस्ता मी कधी मोजला नव्हता."

आता वहिनींच्या कागदांविषयी. ते आम्ही दोन वेळा वाचले. नवी जागा मोठी मिळावयाची, लिफ्ट मिळावयाची; वहिनींच्या गुडघ्यांस ते सोयीचेच. परंतु लिफ्ट, पंप, पहारेकरी, मोटारींचा तळ यांचा खर्च मासिक वर्गणीत चढतो. पुतण्याने आकडे मांडून दाखविले की, आजच्या वर्गणीच्या तिप्पट-चौपट रक्कम द्यावी लागेल. पुतण्यास ते पेलेल. पण खालच्या मजल्यावर आमच्या बंधूंच्या बरोबरीचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य राहते. त्यांच्यामागे कमावते कोणी नाही. घर मालकीचे असूनही, ते राखण्याचा खर्च न झेपल्यामुळे ते विकून दूर जावे लागणे, हेही उठविणेच होय. भद्र लोकांसही भद्रीकरण उठविते, हे आम्हांस येथे समजले. ज्या शाळेच्या आधाराने हे गाव उभे राहिले, तेथील नव्या शिक्षकांपैकी किती जणांस आज पगारावर पार्ल्यात बिऱ्हाड करता येईल?

सोसायटीच्या सभेस वहिनी काठी टेकीत स्वतः गेल्या. त्यांनी दोन मागण्या मांडल्या. पहिली, बांधकाम करणाऱ्याकडून सभासदांस मिळणारा कॉर्पस फंड वाटून न खाता त्याचे व्याज मासिक वर्गणीस लावावे. दुसरी, जिन्याखाली तीस वर्षे इस्त्री करणाऱ्या भय्यास नव्या इमारतीत तेवढीच जागा ठेवावी. पहिलीवर दोन तास वाद झाला. कित्येकांस ती रक्कम एकदम हाती हवी होती, आणि त्यांच्याही अडचणी खऱ्या होत्या. अखेर निम्मी रक्कम ठेवीत घालावी असे ठरून तसे लेखी झाले. दुसरीवर अध्यक्ष म्हणाले, "पाहू." वहिनींनी सही केली. घरी येऊन म्हणाल्या, "भावजी, 'पाहू' म्हणजे 'नाही', हे मला कळते. पण मी विचारलेच नसते, तर कोणी 'नाही'सुद्धा म्हटले नसते."

निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने आम्हांस त्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेले. कॉफी बरी होती. किंमत ऐकून पेला हळू प्यालो. शेजारच्या टेबलावर दोन मुली परीक्षेचा अभ्यास करीत होत्या, एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत गारव्यास बसले होते. कोणीही तेथे पार्ले बुडवावयास बसले नव्हते. नातीने विचारले, "मग आजोबा, ठरले का? हे दुकान कशाचे चिन्ह?"

आम्ही म्हटले, "दुकान काय आले, हे विचारल्याने थोडेच कळते. त्या जागी काय होते, आणि तो मनुष्य आता कोठे आहे, हे विचार. घरात पोळ्या करणाऱ्या बाई कोठून येतात, शाळेतला मास्तर कोठे राहतो, आणि दळण कोठे जाते, एवढे विचारलेस की गावात काय चालले आहे ते तुला या काचेवाचूनही दिसेल. तुझ्या आजीने ते पहिल्याच रात्री विचारले होते."

दळणाचे म्हणाल तर, ते आता पश्चिमेच्या बाजूस असलेल्या एका गिरणीत जाते. पुतण्या रविवारी पूल ओलांडून डबा नेतो. तीही गिरणी किती दिवस टिकते, कोण जाणे.

आम्ही निघालो त्या सकाळी विरारकडच्या गाड्या उशिराने धावत होत्या. आठ वाजून गेले तरी बाई आल्या नव्हत्या. सूनबाईंनी चहा केला, पण वहिनींनी आपला पेला झाकून ठेवला. "त्या येऊ देत, दोघी बरोबरच घेऊ," असे म्हणून त्या दाराकडे तोंड करून बसल्या. आम्ही नमस्कार केला, पिशवी उचलली आणि जिना उतरू लागलो. अर्ध्या जिन्यात बाई वर येताना भेटल्या, धापा टाकीत.